दीड टन बर्फ आणि धाब्याचं घर

रमजान भर मे महिन्यात येण्याची पाळी माणसाच्या आयुष्यात दोनदा येते, फार तर तीनदा. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान, त्यामुळे रमजान दरवर्षी तेवढा अलीकडे सरकतो आणि साधारण ३३ वर्षांनी पुन्हा त्याच ऋतूत येऊन उभा राहतो. १९८६ साली तो मे महिन्यात होता. मी तेव्हा सात वर्षांचा, आणि माझा पहिला रोजा त्याच महिन्यातला. पुढे २०१९ साली तो पुन्हा मे महिन्यात आला. गाव तेच, लासलगाव. गल्ली तीच, जागाही तीच. पण १९८६ चा रोजा मी धाब्याच्या घरात धरला होता आणि २०१९ चे रोजे स्लॅबच्या घरात.

त्या वर्षी अम्मी एका संध्याकाळी इफ्तारच्या आधी ओट्यावर येऊन बसली आणि म्हणाली, "घर नहीं, तंदूर बनाए तुम लोगां." घर आम्ही भावांनीच बांधलं होतं, जुनं पाडून. त्यामुळे कोणी काही बोललं नाही.

आता धाकटा भाऊ त्याच घरावर वरचा मजला चढवतो आहे. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर महिनाभर एकच वाद चालू होता: एसी दीड टनाचा घ्यायचा की दोन टनाचा, की मोठा कूलर बसवायचा? हिवाळ्यासाठी हीटर घ्यायचा का? शेवटी सगळे म्हणाले, मास्तरांना विचारा. मास्तर म्हणजे मी. मी उर्दू आणि मराठी शिकवतो, मला यंत्रातलं काय कळणार! पण शिक्षकाला विचारलं की तो पुस्तकं काढून बसतो. मीही बसलो, आणि एसीपासून सुरुवात करून निजामशाहीपर्यंत जाऊन आलो. हा लेख त्या फेरीचा आहे.

आधी आमच्या हवेबद्दल सांगतो, कारण बाहेरच्या वाचकाला लासलगाव म्हटलं की फक्त कांदा दिसतो. आमचा तालुका निफाड. हिवाळ्यात राज्यातल्या सर्वांत थंड जागांच्या बातम्यांत निफाडचं नाव हटकून असतं. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर तापमान मोजतात, आणि डिसेंबर २०१८ च्या अखेरीस तिथे पारा १.८ अंशांपर्यंत उतरला होता. द्राक्षवाले रात्रभर बागेत शेकोट्या करून बसले होते. त्यानंतर पाच महिन्यांनी, त्या मे महिन्यातल्या रमजानमध्ये, त्याच घरात चाळिशीपलीकडचं ऊन. म्हणजे घर एकच, आणि त्याला दोन टोकं सांभाळायची. मुंबईच्या नातेवाइकांचा सल्ला आम्हाला लागू पडत नाही तो इथेच. त्यांची हवा दमट आणि बारा महिने साधारण एकसारखी. आमची उन्हाळ्यात कोरडी ठणठणीत, पावसाळ्यात ओली, थंडीत बोचरी.

आमचं जुनं घर कसं होतं? दोन-अडीच फूट जाडीच्या मातीच्या भिंती. वर लाकडी सर, त्यांवर फळ्या आणि काटक्या, आणि त्यावर फूट-दीड फूट मातीचा थर. तेच धाबं. पावसाळ्याआधी दरवर्षी त्यावर नवी माती टाकून चोपायची. माजघराला एकच लहान खिडकी आणि छताला सानं, त्यातून उजेडाचा एक खांब खाली उतरायचा. पहिल्या रोज्याच्या दिवशी अम्मीनं मला जोहरपासून असरपर्यंत त्या माजघरात, शेणानं सारवलेल्या जमिनीवर निजवून ठेवलं होतं. मला तहानेची आठवण आहे, भुकेची आहे, पण गरम झाल्याची आठवण नाही.

माझी आठवण भाबडी असेल असं तुम्ही म्हणाल. मलाही तसंच वाटलं होतं, म्हणून कारण शोधलं. जाड माती उन्हात हळूहळू तापते. दुपारी छताच्या वर पडलेली उष्णता आतल्या बाजूला पोचायला आठ-दहा तास लागतात, म्हणजे ती रात्रीच पोचणार. आणि रात्री घरात असतं कोण? उन्हाळ्यात सगळी गल्ली धाब्यावर झोपायची. घर रात्रभर रिकामं राहून आपली उष्णता बाहेर टाकायचं आणि पहाटे सहरीला आपण खाली उतरेपर्यंत पुन्हा थंड झालेलं असायचं. पत्र्याचं उलट. तो दुपारी बारा वाजता आग ओकतो, पण रात्री आठ-नऊपर्यंत गार होतो. आणि आमचा चार-पाच इंचांचा काँक्रीटचा स्लॅब या दोघांच्या मधला. तो दिवसभर ऊन पितो आणि असरपासून मध्यरात्रीपर्यंत ते खाली आपल्या डोक्यावर सोडत बसतो. रोजेदाराचे सर्वांत कठीण तास तेच. इफ्तार, मगरीब आणि तरावीहसुद्धा त्याच वेळात. अम्मी तंदूर म्हणाली ते शब्दशः खरं होतं. तंदूरही आधी तापवतात आणि विस्तव ओसरल्यावर त्यात रोटी लावतात.

धाब्याचं घर म्हणजे जन्नत होती असं मात्र मी म्हणणार नाही. जुलैत ते गळायचं. घरभर पातेली आणि टोपल्या मांडून आम्ही बसायचो. भिंतीत विंचू निघायचे. माती टाकायला माणूस मिळेना, लाकूड परवडेना, आणि शेजारच्या घराची भिंत पावसात बसली तेव्हा आम्हीही ठरवलं की पुरे. 'जुनं ते सोनं' म्हणणाऱ्यांनी एक पावसाळा त्या घरात काढून बघावा.

आता थोडं लांब जातो, पण फार लांब नाही. आमच्यापासून एका दिवसात जाऊन येता येईल असं अहमदनगर, आजचं अहिल्यानगर. तिथे गावाबाहेर फराहबाग आहे. मुर्तजा निजामशाहच्या काळात चंगेजखानाने तो सुरू केला, मग न्यामतखानाने बांधला, तो पसंत पडला नाही म्हणून पाडला, आणि शेवटी सलाबतखानाने १५८३ च्या सुमारास पुरा केला. विस्तीर्ण तलावाच्या मधोमध अष्टकोनी, दुमजली महाल. आज तलाव कोरडा आहे, त्यामुळे पाहणाऱ्याला ती एक पडकी इमारत वाटते. पण त्यात पाणी आहे अशी कल्पना करा. नगरचा मे महिन्यातला कोरडा वारा कोणत्याही दिशेने आला तरी आधी त्याला पाण्यावरून यावं लागतं. येताना तो पाणी उचलतो, आणि पाण्याची वाफ होताना उष्णता खर्च होते, म्हणून महालात पोचेपर्यंत तो गार झालेला असतो. हे पाणीही आपोआप आलेलं नव्हतं. नगरला आसपासच्या गावांतून जमिनीखालच्या खापरी नळांनी पाणी आणलेलं होतं. इमारत, पाणी आणि वारा या तिघांचा हिशेब एकत्र मांडलेला होता.

औरंगाबादची, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेच्या सहलीत पाहिली असेल. मीही मुलांना घेऊन तीनदा गेलो आहे. मुलं चक्की पाहतात, माशांना फुटाणे टाकतात आणि बाहेर येतात. पण तिथली खरी गंमत हौदाखाली आहे. त्या मोठ्या हौदाचा तळ म्हणजेच खालच्या प्रशस्त दालनाचं छत. दर्ग्यावर येणाऱ्या मुसाफिरांनी उन्हाळ्यात त्या दालनात टेकावं. डोक्यावर पाणी, आजूबाजूला दगड. वर ऊन कितीही असो, आधी तो सबंध हौद तापल्याशिवाय दालन तापणार कसं? खडकी हे शहर मलिक अंबरने १६१० मध्ये वसवलं आणि त्याला नहर बांधून डोंगरातलं पाणी आणलं. नंतर त्याच पद्धतीच्या आणखी नहरी झाल्या आणि पाणचक्कीही तशाच नहरीवर चालली. गुलाम म्हणून विकला गेलेला एक हबशी माणूस दख्खनच्या कोरड्या पठाराला पाणी कसं पाजायचं हे दाखवून गेला. यावर आपल्या मुलांच्या पुस्तकात किती ओळी असतात ते एकदा मोजून पाहा.

कोरडी हवा आणि पाणी यांची ही जोडी मोगलांना चांगली ठाऊक होती. अबुल फजल 'आईन-ए-अकबरी'त लिहितो की बादशहाच्या हुकमाने बांबूच्या सांगाड्यात वाळा भरून खोल्या बनवू लागले, आणि वाळ्यावर पाणी मारलं की भर उन्हाळ्यात हिवाळा अवतरतो. बंदुकीच्या दारूत आग लावणारा सोरा पाणी गार करायला वापरत, हेही त्यानेच लिहून ठेवलं आहे. आपल्या कूलरच्या जाळीतलं ते लाकडी गवत म्हणजे वाळ्याच्या ताटीचं गरीब भावंड. फरक एवढाच की ताटीवर पाणी मारायला माणूस लागे, कूलरमध्ये तेच काम पंप करतो.

तो माणूस कोण होता? भिश्ती. पखालीतून पाणी वाहणारा. भिश्ती हा शब्द 'बिहिश्त'वरून, म्हणजे स्वर्गावरून आला आहे. उन्हात पाणी देणारा तो स्वर्गातलाच, असा भाव. नगरला निजामशाही काळातली एक बाग आहे, तिचं नाव हश्त बिहिश्त, आठ स्वर्ग. बाग बादशहाची, पाणी भिश्त्याचं, आणि नाव दोघांचं एकच. पुढे साहेबांच्या बंगल्यात ताट्या भिजवायला आणि व्हरांड्यात बसून पंख्याची दोरी ओढायला माणसं ठेवली जाऊ लागली. त्यांपैकी कोणाचं नाव इतिहासात नाही. विजेचा पंखा आला आणि ते काम संपलं, तेव्हाही कोणी नोंद केली नाही. आमच्या लोकांना कोणी इतिहास विचारतो तेव्हा बादशहाचाच विचारतो, आणि उत्तरही आम्हाला बादशहाच्या वतीने द्यावं लागतं. आमच्या गल्लीत बादशहाचा वारस कोणी नाही. बागवान आहेत, अत्तार आहेत, तांबोळी आहेत. आणि आम्ही पिंजारी.

आम्ही पिंजारी आहोत म्हणूनच थंडीचा विषय माझ्या अंगात आहे. दिवाळीच्या आगेमागे आजोबा खांद्यावर पिंजण टाकून निघायचे. लासलगाव, विंचूर, देवगाव, नांदूर मध्यमेश्वर. तातेचा तुण-तुण आवाज ऐकला की बायका रजया, गाद्या ओट्यावर आणून टाकायच्या. दोन-तीन वर्षं वापरलेला कापूस दबून घट्ट होतो, त्याची ढेकळं होतात. आजोबा तो उसवून, पिंजून, पुन्हा भरून द्यायचे. कापूस तोच, वजन तेच, एक तोळाही वाढवलेला नसायचा, पण रजई दुप्पट फुगायची आणि दुप्पट ऊब द्यायची. लहानपणी मला ही जादू वाटायची. नंतर विज्ञानाच्या पुस्तकात कळलं की ऊब कापसाची नसतेच, कापसाच्या तंतूंत अडकून बसलेल्या हवेची असते. हवा हलली नाही की ती उष्णता जाऊ देत नाही. आजोबा घरोघर जाऊन हवा भरून देत होते असं म्हणायला हरकत नाही.

बादशाही ऊब पाहायची तर बुऱ्हाणपूरला किंवा दौलताबादला जा. दोन्हीकडे हमामखाने आहेत. पाणी तापवायची भट्टी, मातीच्या नळांतून खेळवलेलं गरम पाणी, आणि जाड भिंतींच्या घुमटाखाली कोंडून ठेवलेली उष्ण वाफ. आपल्याकडे त्याच कामाला तांब्याचा बंब होता. मधल्या नळीत विस्तव, भोवती पाणी. फजरच्या वुजूला पहिलं गरम पाणी अब्बांना, मग आजीला, आणि उरलेल्या निखाऱ्यांवर आमचे हात. निखारे संपेपर्यंत ऊन अंगणात येत असे. घर तापवायची कल्पनाच आपल्याकडे फारशी नव्हती. आपण माणूस तापवत आलो, खोली नाही. कांबळ, गोधडी, रजई, कानटोपी, शेकोटी. खर्चाच्या दृष्टीने हेच शहाणपणाचं आहे, आणि आमच्या दीड-दोन महिन्यांच्या थंडीला आजही पुरतं. एक इशारा मात्र द्यायलाच हवा. दारं-खिडक्या लावून कोळशाची शेगडी खोलीत घेऊन कोणी झोपू नका. तिच्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो, रंग नसतो, आणि झोपलेला माणूस उठत नाही. जुन्या घराला सानं होतं, फटी होत्या, धूर आणि वायू निघून जायचा. नव्या घराच्या खिडक्या ॲल्युमिनियमच्या, घट्ट बसणाऱ्या. सवय जुनी आणि घर नवं, यात दर थंडीत माणसं मरतात.

आता एसीकडे येतो, कारण ग्रुपवरचा प्रश्न 'दीड टन की दोन टन' हाच होता. मी वर्गात मुलांना विचारलं, दीड टन म्हणजे काय? बहुतेकांना वाटतं यंत्राचं वजन. खरी गोष्ट बर्फाची आहे. यंत्रं नव्हती तेव्हा अमेरिकेतल्या गोठलेल्या तळ्यांवरचा बर्फ कापून, लाकडाच्या भुशात गुंडाळून जहाजाने चार महिन्यांचा प्रवास करत हिंदुस्थानात येत असे. १८३३ मध्ये पहिलं जहाज कलकत्त्याला लागलं, आणि पुढल्याच वर्षी मुंबईतही बर्फ आला. जमशेटजी जीजीभॉय यांनी घरच्या मेजवानीत पाहुण्यांना आईस्क्रीम वाढलं आणि सगळ्यांना सर्दी झाली, त्यावर वर्तमानपत्राने टोमणाही मारला, असा किस्सा मुंबईच्या इतिहासात सांगतात. थंडावा तेव्हा वजनावर विकला जात होता, म्हणून पुढे यंत्रं आली तेव्हा त्यांची ताकदही बर्फाच्या वजनावरच मोजली गेली. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जितकी उष्णता शोषेल, तितकी उष्णता खोलीतून बाहेर काढणारं यंत्र एक टनाचं. विजेच्या भाषेत साधारण साडेतीन किलोवॉट. तेव्हा दीड टनाचा एसी घेणं म्हणजे रोज दीड टन बर्फ घरात आणून टाकण्याइतकी सोय करणं. आणि प्रश्न असा की एवढा बर्फ वितळवण्याइतकी उष्णता आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत येते कुठून? माणसांच्या अंगातून थोडी, टीव्ही-दिव्यातून थोडी. वरच्या मजल्यावर बाकी सगळी छतातून आणि पश्चिमेच्या भिंतीतून. आधी आपण छत असं बांधतो की ते तापेल, मग ते तापलेलं बाहेर फेकायला यंत्र आणतो, आणि बिल भरतो.

एसीच्या जन्माची गोष्टही मला फार आवडली. १९०२ मध्ये अमेरिकेत विलिस कॅरियर या तरुण इंजिनिअरने ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी ही यंत्रणा आखली. तिथे दमट हवेत कागद फुगायचा आणि एकावर एक छापायचे रंग सरकायचे. म्हणजे हवा आधी कागदासाठी सुधारली, माणसाचा नंबर नंतर लागला. आपल्या मालेगावातही तसंच होतं. १८५७ नंतर उत्तरेतून आलेले मोमीन विणकर जमिनीत खड्डा करून मागावर बसायचे, तेही सुतासाठी. जमिनीच्या ओलाव्याजवळ सूत कमी तुटतं. विणकराच्या पायांना गारवा मिळाला तो सुताच्या कृपेने.

आणि लासलगावात? इथे कांद्यासाठी. माझ्या भावाचं कांद्याचं खळं आहे. एसीचा वाद चालू असतानाच मी एका दुपारी त्याच्या नव्या कांदाचाळीत जाऊन उभा राहिलो. बाहेर डोळे उघडवत नव्हते, आत चक्क बरं वाटत होतं. चाळीचा तळ जमिनीपासून दीड-दोन फूट उचललेला, त्याला फटी, म्हणजे हवा कांद्याच्या पोटाखालून शिरते. बाजूच्या भिंती पट्ट्यांच्या, त्यातूनही वारा. कांद्याचा थर चार-पाच फुटांपेक्षा उंच नाही, कप्पा चार फुटांपेक्षा रुंद नाही, नाहीतर मधला कांदा गुदमरतो आणि सडतो. छपराला लोखंडी पत्रा टाळायचा, कारण तो तापतो. कौलं किंवा सिमेंटचा पत्रा घालायचा, आणि पाखं बाहेर लांब काढायचं म्हणजे ऊन-पाऊस आत येत नाही. एका ओळीची चाळ असेल तर दक्षिणोत्तर, दोन ओळींची असेल तर पूर्व-पश्चिम. आत पंचवीस ते तीस अंश तापमान आणि पासष्ट ते सत्तर टक्के आर्द्रता राहिली तर कांदा टिकतो. हे सगळं भावाला तोंडपाठ. नाशिकच्या कांदा संशोधनवाल्यांनी शेतकऱ्यांना वर्षानुवर्षं शिकवलेलं.

मी त्याला विचारलं, "वरच्या मजल्याची दिशा कोणती आहे?"

तो म्हणाला, "प्लॉट जशी आहे तशी."

"छप्पर कशाचं?"

"स्लॅब. त्यावर पुढे लोखंडी पत्र्याची शेड काढू."

"हवा खालून येते का कुठून?"

तो हसायला लागला. कांद्यासाठी जो माणूस वाऱ्याची दिशा, छपराचं सामान आणि थराची उंची मोजतो, तोच आपल्या आईच्या खोलीसाठी प्लॉट जशी आहे तशी. यात त्याचा दोष नाही. कांदा सडला तर तोटा वहीत दिसतो. घर तापलं तर अम्मी ओट्यावर जाऊन बसते, वहीत काही दिसत नाही.

एसी नकोच, असं मी सांगितलं नाही, आणि इथेही सांगत नाही. काही वडीलधारे 'आमच्या वेळी कुठे होता एसी' म्हणून विषय संपवतात, तेही खरं नाही. हवा चाळीस अंशांपलीकडे गेली की पंखा अंगावर गरम हवाच मारतो. म्हातारं माणूस, हृदयाचा किंवा मधुमेहाचा रुग्ण, तान्हं मूल यांच्यासाठी अशा दिवसांत गारव्याची एक खोली ही चैन नाही. अहमदाबादने २०१० च्या जीवघेण्या उन्हाळ्यानंतर २०१३ मध्ये उष्णतेचा कृती आराखडा केला, त्यातून आपल्याकडच्या शहरांनीही पुष्कळ घेतलं. माझं म्हणणं एवढंच की यंत्र शेवटी निवडा. आधी छत, मग वारा, मग पाणी, मग यंत्र.

कूलरबद्दलही तेच. मार्च ते मे आमच्या कोरड्या हवेत कूलर उत्तम चालतो, एसीच्या मानाने वीज अगदी थोडी खातो. पण एक खिडकी उघडी ठेवावी लागते, नाहीतर आत साठलेल्या दमट हवेत पुढचं पाणी वाफ होतच नाही आणि खोली चिकचिकीत होते. खिडक्या घट्ट लावून कूलर चालवणारे मी रोज पाहतो आणि मग 'कूलर कामाचा नाही' म्हणतात. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की मात्र त्याला झाकून ठेवावं. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या पाहुण्याने 'आमच्याकडे कूलर चालत नाही' म्हटलं तर तेही खरंच बोलतात, त्यांची हवा आधीच पाण्याने भरलेली असते. आणि पाणी कुठून आणणार, हाही प्रश्न आहेच. नळाला दिवसाआड पाणी येणाऱ्या गल्लीत दिवसाला पन्नास-साठ लिटर कूलरला घालायचं की भांड्यांना, हे घरातल्या बाईला विचारून ठरवावं, कारण पाणी भरते ती. भिश्त्याचं काम संपलं असं मी वर लिहिलं, ते पुरतं खरं नाही.

ग्रुपवर मी शेवटी एवढंच लिहिलं: अम्मीची खोली वर नको, खाली उत्तरेला. समोरासमोर दोन खिडक्या आणि वर, छताला लागून, जाळी. पश्चिमेच्या भिंतीला खिडकी नको, बाहेरून दुहेरी विटांची भिंत आणि मध्ये हवेची पोकळी. स्लॅबवर पत्र्याची शेड काढायचीच असेल तर पत्रा आणि स्लॅब यांच्यात वारा खेळेल एवढं अंतर, नाहीतर दर मार्चमध्ये चुन्याचे दोन हात. कूलरची खिडकी आधीच ठरवून ठेवा. एसीची वायर एकाच खोलीत टाका, अम्मीच्या. एसी घ्यालच तेव्हा एक टन पुष्कळ होईल, आणि चोवीस अंशांच्या खाली कोणी आणू नये. २०२० पासून नवे एसी चालू केल्यावर चोवीसवरच सुरू होतात, त्याला कारण आहे.

भावाने अंगठा दाखवला. वहिनीने विचारलं, हीटरचं काय? मी लिहिलं, नको. अम्मीने त्या दिवशी पहिल्यांदाच ग्रुपवर आवाजी संदेश टाकला. तिला हीटर नको होता, तिला आजोबांनी भरलेली रजई हवी होती, जी आम्ही घर पाडताना खळ्यावर नेऊन टाकली होती आणि विसरलो होतो.

ती सापडली. खोळ उंदरांनी खाल्ली होती. आता गावात पिंजण घेऊन कोणी फिरत नाही, टेम्पोत मशीन घालून एक मुलगा येतो, बाजार समितीच्या रस्त्यावर उभा राहतो. मी त्याच्याकडे ती नेली. त्याने कापूस बोटांत धरून ओढून पाहिला, म्हणाला, "ये पुराना देसी माल है चाचा, इसमें नया मत मिलाओ," आणि तसाच पिंजून दिला. दोनशे रुपये घेतले. अम्मीची खोली अजून विटांवर आहे. रजई तोवर माझ्याकडे.